सतरा नंबरचं जाकीट

करंजघाटात लाल झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला चालत्या गाड्यांतून काय काय फेकून मारतात, ते कौसल्या धोत्रेला तोंडपाठ होतं. शेंगांची टरफलं, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर अर्धं कलिंगड. शिव्या रोजच्याच, त्या कोण मोजत बसतो? वीस वर्षं तिनं रस्त्याच्या कामावर झेंडा धरला होता आणि त्यातल्या सहाव्या वर्षी, तिच्या डोळ्यांदेखत, एका जीपवाल्यानं तिच्या नवऱ्याला उडवलं होतं. रामण्णा रोलरवरून खाली उतरत होता. जीपवाल्याला म्हणे झेंडा दिसलाच नाही. तो गाणं बदलत होता. त्यांची विशाखा तेव्हा पाचवीत होती.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३९ साली, हाकेची जाकिटं आली तेव्हा कौसल्येनं आपल्या सतरा नंबरच्या जाकिटाला पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. फावड्याला लावतात, रोलरला लावतात, मग जीव राखणाऱ्या वस्तूला का नाही? हळदीचा तो डाग पुढं किती धुतला तरी गेला नाही.

जाकीट होतंच तसं गुणाचं. अस्तरात तळहाताएवढी एक चकती बसवलेली होती. ती सेकंदाला दहा वेळा रेडिओलहरींतून एकच गोष्ट सांगायची: मी इथं आहे, अमुक दिशेला चाललेय. कायद्यानं आता प्रत्येक गाडीत ती हाक ऐकणारा कान होता. दोनशे मीटरवरून हाक आली की गाडी चालकाला न विचारता वेग वीसवर आणायची आणि माणूस अगदी पुढ्यात आला तर जागच्या जागी थांबायची. गाड्यांना कॅमेऱ्याचे डोळेही होते, पण खरवडलेल्या डांबराची धूळ आणि समोरचं ऊन यात ते मिचमिचायचे. हाक मात्र धुळीतून आणि वळणापलीकडूनही पोचायची. त्यामुळे गाड्या डोळ्यापेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवू लागल्या, आणि गाडीत बसलेल्या माणसांनी तर समोर बघणंच सोडून दिलं. गाडी ऐकतेय ना, मग आपण कशाला मान वर करायची?

पहिल्या चौदा महिन्यांत घाटात एकालाही साधं खरचटलं नाही. मग कंपनीच्या साहेबांना शहाणपण सुचलं. जाकिटं आहेत तर हे काँक्रीटचे कठडे कशाला? नारिंगी शंकू कशाला? आणि झेंडेवाले तरी कशाला? एकेक करत सगळं ट्रकात भरून गेलं. कौसल्येच्या हातातून झेंडा गेला आणि डोक्यावर खडीची पाटी आली. झेंडा तिनं परत केला नाही. पाण्याच्या पिंपाशेजारी, दरडीच्या कडेला, मातीत रोवून ठेवला. कुणी विचारलं तर म्हणायची, "असू दे की. खायला मागतोय का तुमच्याकडं?"

विशाखा आता पंचवीस वर्षांची होती. बापाला गिळणाऱ्या रस्त्यांचंच काम तिनं निवडलं होतं. कराडला राहून इंजिनियर झाली आणि घाटाच्या पायथ्याशी, तळवडीत, कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसू लागली. तिच्या पडद्यावर प्रत्येक जाकीट हिरवा ठिपका होऊन दिसायचं. रोज सकाळी ती आधी सतरा नंबर शोधायची. हे तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं.

मायलेकी तळवडीत दोन खोल्यांत राहत. जेवताना कौसल्या कामावरच्या गमती सांगायची. मे महिन्यातल्या उन्हात जेवायला बसल्यावर जाकीट अंगात नको व्हायचं. मग मंडळींनी युक्ती काढली. जाकिटं काढून वेळूच्या काठ्यांना अडकवायची आणि काठ्या रस्त्याकडेला रोवायच्या. माणसं सावलीत उघडी बसून भाकरी खायची आणि रस्त्यावरच्या गाड्या त्या बुजगावण्यांना भिऊन मुंगीच्या पावलानं जायच्या. विशाखा ऐकून पोट धरून हसली होती.

महिन्याभरात जाकिटात नवी दुरुस्ती आली. चकतीला आता छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. ठोके नसतील तर जाकीट गप्प. घाटातली वाहतूक जरा मंदावली की वरून कंपनीला बोलणी बसत, आणि काठीसाठी कुणी ताटकळत बसावं, हे कंपनीला मान्य नव्हतं.

पण ही माणसं काय ऐकतात? त्यांनी साइटवरची चिंगी धरली. चिंगी म्हणजे वीतभर कुत्री, पण अंगात जाकीट घालून पिंपाच्या सावलीत अशी ऐटीत बसायची, की मुकादमानं बघत राहावं. ठोके होते, हाक होती, गाड्या हळू होत्या. कौसल्येनं हेही घरी सांगितलं. विशाखा याही वेळी हसली, पण जरा कमी.

त्यानंतर पुन्हा दुरुस्ती आली. कसली, ते कामगारांना कुणी सांगितलं नाही.

त्याच सुमारास जाकिटाच्या पाठीवरचे हिरवे दिवे अधूनमधून विझायला लागले. दिवा दोन खांद्यांच्या मधे, त्यामुळे ज्याचा त्याला दिसायचा नाही, मागून येणाऱ्याला दिसायचा. चढावरून पाटी वाहणाऱ्याचा दिवा गेलेला दिसला की मागचा त्याच्या पाठीत धपाटा घालायचा. "भीमाप्पा, सेल उतरला तुजा!" सणसणीत धपाटा बसायचा, भीमाप्पा उलटून दोन शिव्या द्यायचा, सगळे थांबून हसायचे, कुणी तांब्याभर पाणी प्यायचं आणि तोवर दिवा परत लागलेला असायचा. धपाट्यानं सेल नीट बसतो, अशी साऱ्यांची खात्री झाली होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडत होती, पण हे कळायला अजून अवकाश होता.

*

त्या मंगळवारी बेचाळीस अंश ऊन होतं. लगमा कामावर नवीन होती. जत तालुक्यातल्या कौसल्येच्याच गावाकडची, बावीस वर्षांची. तिचं सात महिन्यांचं पोरगं कामाच्या जागीच झोळीत असायचं. पूर्वी झोळी काँक्रीटच्या कठड्यामागं बांधत. आता कठडे नव्हते. लगमानं तीन पहारींचं तिकाटणं करून झोळी कडेच्या पट्टीवर, दरडीला लागून टांगली होती. आणि त्या दिवशी तिच्या मनात आलं ते कुठल्याही आईच्या मनात आलं असतं. तिनं अंगातलं तेवीस नंबरचं जाकीट काढलं, पोराभोवती गुंडाळलं आणि स्वतः नुसत्या लुगड्यावर पाटी उचलायला गेली.

पावणेबारा वाजले होते. कौसल्या चढावर होती, डोक्यावर पाटी, पाठीवर ऊन. वळणावरून दुधाचा टँकर आला. त्याच्या पुढं एक मालट्रक रेंगाळत होता. टँकरच्या यंत्रानं डावीकडं कान लावला. कडेची पट्टी गप्प होती, म्हणजे मोकळी होती. टँकर कडेच्या पट्टीवर उतरला. सरळ झोळीच्या रोखानं.

कौसल्येनं पाटी फेकली आणि ती उताराला लागली. आपल्या अंगात जाकीट आहे, आपण पुढं झालो की गाडी थांबेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती टँकर आणि झोळी यांच्या मधे जाऊन उभी राहिली. टँकर थांबेना. त्याचा वेगही कमी होईना. काचेमागं चालक मान खाली घालून मोबाइल बघत होता. शेजारी पिंप होतं, पिंपाशी झेंडा रोवलेला होता. तिनं झेंडा काठीसकट उपटला आणि भाल्यासारखा काचेवर फेकला.

काच तडकली. चालकानं मान वर केली, आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला.

टँकर थांबला तेव्हा त्याच्या बंपरनं झोळीला हलकासा झोका दिला. पोरगं झोपलेलंच होतं.

*

तिसऱ्या दिवशी दोन नोटिसा निघाल्या. लगमा धनगिरे: जाकीट अंगातून काढून त्याचा गैरवापर केला. कौसल्या धोत्रे: घटनेच्या वेळी जाकीट अंगात नव्हतं, सबब स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घातला. दोघींना कामावरून कमी केलं जाईल आणि त्यांची नावं राज्याच्या यादीत जातील, म्हणजे पुन्हा कुठल्याही रस्त्यावर काम मिळणार नाही. सोमवारी रस्ते सुरक्षा आयुक्तालयाच्या बाई चौकशीला येणार. नोंदी खऱ्या असल्याची सही करणार होती कामावरची इंजिनियर, विशाखा धोत्रे.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते असं.

"माज्या अंगात जाकीट हुतं," कौसल्या ताटावर बसून म्हणाली. भाकरी तशीच होती.

"आई, नोंद बघितली मी. दहादा बघितली." विशाखाचा आवाज रडवेला होता. "अकरा बेचाळीस ते अकरा एक्कावन्न, सतरा नंबर कुणाच्याच अंगात नाही. मला काय हौस आहे का तुझं नाव लिहायची? पण यंत्र खोटं बोलत नाही."

"आन् मी बोलती?"

"तसं नाही म्हणाले मी. उकडत होतं, काढून ठेवलं असशील. घाईत ध्यानात नसेल राहिलं."

"इशाखा, घाबरल्यावं मानूस देवाचं नाव इसरंल, पर अंगात काय घातलंय ते न्हाई इसरत. आन् लगमीचं काय? तिनं लेकराला जाकीट घातलं हा गुन्हा व्हय? लेकराला ठेवायला जागा न्हाई, कठडा न्हाई, झेंडेवाला न्हाई. सगळं तुमी उचलून न्हेलं."

"झेंडा, झेंडा!" विशाखा उसळली. "झेंड्यानं बाबा वाचले का?"

कौसल्येनं ताट बाजूला सारलं. लेकीनं नको तिथं हात घातला होता, आणि ते लेकीलाही कळलं होतं.

"न्हाई वाचलं," कौसल्या म्हणाली. "पर त्या दिशी झेंडा माज्या हातात वर हुता. जीपवाल्यानं बघितलं न्हाई, ते त्याचं पाप. झेंड्याला लांब बसून कुनी गप्प करत न्हाई, बाळा."

विशाखा उठून आतल्या खोलीत गेली. भाकरी दोघींच्याही ताटात राहिली.

*

शनिवारी पहाटे, काम सुरू व्हायच्या आधी, कौसल्येनं भीमाप्पाला आणि लगमाला घाटात बोलावलं. तिचं स्वतःचं जाकीट कंपनीनं मोहोरबंद पिशवीत घालून नेलं होतं, म्हणून भीमाप्पाचं नऊ नंबरचं मागून घेतलं. रात्रभर एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. सेल उतरतो तर तो नेहमी चढावरच का उतरतो? जेवायला बसलेल्या माणसाचा का नाही?

"लगमे, माज्या पाठीवं ध्यान ठेव," ती म्हणाली आणि पदर खोचून चढावर पळत सुटली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर.

तिसऱ्या खेपेला लगमा ओरडली, "अक्का! गेला! दिवा गेला!"

भीमाप्पा सवयीनं धपाटा घालायला पुढं झाला. "हात लावू नगंस," कौसल्येनं दम दिला आणि ती दगडावर बसली. पाणी प्यायली. छाती भात्यासारखी चालली होती, ती हळूहळू शांत झाली.

"आला," लगमा म्हणाली.

मग त्यांनी जाकीट चिंगीला घातलं. दिवा विझला. लगमानं ते पोराच्या छातीशी धरलं. दिवा विझला. कौसल्येनं एक हात पोराच्या छातीवर ठेवला, एक चिंगीच्या आणि मग स्वतःच्या गळ्याशी बोट लावलं. पोराचे ठोके पाखरासारखे भरभर होते. चिंगीचेही. आणि चढ चढून आल्यावर तिचे स्वतःचेही तसेच होते.

आता तिला सगळं कळलं. कुत्र्याला गप्प करायचं म्हणून कुणीतरी ठोक्यांवर आकडा ठरवून टाकला होता. त्याच्या वर गेलं की ते माणूस नव्हे. आणि कुत्र्याची गोष्ट घरी हसत हसत कुणी सांगितली होती? तिनंच. कुणाला सांगितली होती, तेही तिला ठाऊक होतं.

भीमाप्पा संतापानं लाल झाला. "मंजी आमी राबाय लागलो, की त्येंच्या लेखी कुत्री?"

"राबाय लागलो की. आन् भ्यालो, पळालो, की," कौसल्या म्हणाली. "जवा हाक द्याची, तवाच ह्ये जाकीट गप."

"पोरीला सांग की, अक्का. ती नीट करंल."

कौसल्येनं मान हलवली. "करंल. आज सांगितलं तर सांजच्याला करंल, आन् कुनाला कळनार बी न्हाई. मग लगमीची नोटीस? ती तशीच ऱ्हाईल. न्हाई भीमाप्पा. चारचौगांत चोरलंय, चारचौगांतच परत द्याला पायजे."

लेकीपासून असं काही लपवायची तिची ही पहिलीच वेळ होती. दोन दिवस घास गोड लागला नाही तिला.

*

सोमवारी अकरा वाजता घाटात मांडव पडला. आयुक्तालयाच्या शहनाज तांबोळी बाई आल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. कंपनीचे दाभाडकर साहेब मात्र सगळ्यांच्या वाटणीचं बोलत होते. शेजारी हातात पडदा घेऊन विशाखा उभी होती, आईकडं न बघता. रस्त्यावर जाकिटांची हाक ऐकत गाड्या वीसच्या वेगानं सरकत होत्या.

"यंत्रणेत दोष नाही," दाभाडकर साहेब म्हणाले. "दोन वर्षांचा अनुभव आहे. ठोक्यांची दुरुस्ती पुण्यात बावीस जणांवर तपासून घेतली. प्रश्न शिस्तीचा आहे, मॅडम. या लोकांना कितीही द्या..."

"पुन्यात कुटं तपासली?" कौसल्येनं मधेच विचारलं.

दाभाडकर साहेबांना बाईनं मधे बोललेलं आवडलं नाही. "आमच्या कार्यालयात."

"एसी हुता?"

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. तांबोळी बाई हसल्या नाहीत, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "तुम्हाला काय सांगायचंय, कौसल्याबाई?"

"सांगायचं काय न्हाई, मॅडम. दावायचंय. माजं सतरा नंबर मला द्या आन् अर्धा तास आमचं काम बघा. नुस्तं काम. मग काय लिवायचं ते लिवा."

दाभाडकर साहेब नको म्हणत असतानाच बाईंनी मोहोर तोडली. हळदीचा डाग असलेलं जाकीट कौसल्येनं अंगात घातलं, सगळ्यांसमोर, चारही बंद आवळून. मग ती वळली आणि तिनं खडीची पाटी उचलली.

कामावर चाळीस माणसं होती. भीमाप्पानं आरोळी दिली आणि सगळी एकदम भिडली. रोजच्यासारखीच, ना जास्त ना कमी. रोजचंच काम एवढं असतं, की नाटक करायची गरज नव्हती. ऊन डोक्यावर आलं. पाट्या चढावरून वर जाऊ लागल्या. दहा मिनिटांनी भीमाप्पाच्या पाठीवरचा दिवा विझला. मग त्याच्या मागच्या दोघींचा. कुणी कुणाला धपाटा घातला नाही.

"विशाखा," तांबोळी बाई म्हणाल्या, "तो पडदा इकडं आणा."

विशाखानं पडदा पुढं धरला. हिरवे ठिपके एकेक करून जात होते. एकतीस उरले, मग वीस, मग सहा. शेवटी एकटा सतरा नंबर राहिला. कौसल्या पाटी टाकून वळली, तिनं मांडवाकडं पाठ केली आणि तोही गेला. चाळीस माणसं डोळ्यांसमोर घाम गाळत होती आणि पडद्यावर रस्ता रिकामा होता.

"बॅटरी," दाभाडकर साहेब झटकन म्हणाले. "उन्हानं बॅटरी बसते. विशाखा, सांग मॅडमना."

विशाखा पडद्याकडं बघत होती. चाळीसच्या चाळीस बॅटऱ्या भरलेल्या होत्या. खाली ठोक्यांचे चालू आकडे होते, जे नोंदीत उतरत नसत: एकशे अडतीस, एकशे पंचेचाळीस, सतरा नंबरपुढं एकशे एक्कावन्न. आणि प्रत्येकासमोर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेले दोन शब्द: माणूस नाही.

"बॅटरी नाही," ती म्हणाली. तिचा आवाज मांडवाबाहेर ऐकू गेला. "एकशे तीस. एकशे तीसच्या वर ठोके गेले की जाकीट गप्प बसतं. तो आकडा मी घातलाय. कुत्र्याला जाकीट घालतात म्हणून. मंगळवारी आईच्या अंगात जाकीट होतं. ती पळाली, म्हणून ते गप्प बसलं. बाळ तर बाळच होतं. माझी नोंद खोटी आहे."

"विशाखा!" दाभाडकर साहेब तिच्या कानाशी आले. "हे आपण ऑफिसमध्ये बघू. उद्या आकडा बदलू. आत्ता—"

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण रस्त्याचा आवाज बदलला होता. मांडवातल्या सगळ्यांच्या आधी तो कौसल्येला कळला. इतका वेळ सरकणाऱ्या गाड्यांना आता हाक ऐकू येत नव्हती. त्यांच्या लेखी घाट मोकळा झाला होता. एकेक गाडी वेग घेऊ लागली. तीस, चाळीस, साठ. आणि हातभर अंतरावर, कठड्याविना, झेंड्याविना, चाळीस माणसं पाट्या घेऊन उभी होती.

"कडंला व्हा!" कौसल्या ओरडली. "समदी दरडीला!"

ती स्वतः मात्र कडेला झाली नाही. पिंपाजवळ परत रोवलेला झेंडा तिनं उपटला, फाटलेलं लाल फडकं उघडलं आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पहिली गाडी शंभर पावलांवर होती. गाडीला ती ऐकू येत नव्हती. आत कुणी बघतंय का, ते अजून दिसत नव्हतं. कौसल्येच्या हातातला झेंडा सरळ होता. वीस वर्षं तो असाच सरळ होता.

नियंत्रण कक्षाच्या इंजिनियरला एक अधिकार असतो. दरड कोसळली तर कुणाला न विचारता सगळा घाट बंद करायचा. एक लाल चौकोन, दोनदा दाबायचा. विशाखानं तो दाबला.

दोन्ही बाजूंच्या सगळ्या गाड्या एकाच वेळी करकचून थांबल्या. पहिली गाडी कौसल्येपासून दहा पावलांवर होती. आतल्या गृहस्थानं मान वर करून बघितलं. बहुधा कित्येक महिन्यांनी त्यानं रस्ता बघितला असेल.

"वेडी झालीस का?" दाभाडकर साहेबांचा तोल गेला. "तो दरडीसाठी आहे! मागं पाचशे गाड्या आहेत. वर काय उत्तर देऊ? कारण लिहावं लागतं, कारण! पडद्यावर एक माणूस नाहीये रस्त्यावर!"

"पडद्यावर नाहीत," विशाखा म्हणाली.

पडद्यावर 'घाट बंद करण्याचे कारण' असा रिकामा रकाना चमकत होता. खाली तयार पर्याय होते: दरड, पूर, अपघात, धुकं. तिनं यांतलं काही निवडलं नाही. उभ्याउभ्या बोटानं लिहिलं: रस्त्यावर माणसं आहेत. आणि सही केली.

दाभाडकर साहेबांनी तांबोळी बाईंकडं बघितलं. बाईंनी दोन्ही नोटिसा वहीतून काढल्या, उभ्या फाडल्या आणि विचारलं, "कठडे किती वेळात येतात?"

"उद्यापर्यंत... बघतो."

"कठडे येईस्तवर घाट उघडायचा न्हाई," झेंडा खाली न करता कौसल्या रस्त्यावरून म्हणाली. "झेंडेवाले येईस्तवर बी न्हाई. आन् लेकरांना सावलीची खोली. तुमी बघा न्हाई तर नका बघू. आमी हितंच हाय."

"ऐकलंत ना?" बाई दाभाडकर साहेबांना म्हणाल्या आणि खुर्चीवर नीट टेकून बसल्या.

विशाखा मांडवातून निघाली आणि रस्त्यावर आली. अंगात जाकीट नव्हतं, पायांत ऑफिसातले सपाट बूट होते. नोकरीला लागल्यापासून डांबरावर ती पहिल्यांदाच उतरत होती. चाळीस माणसं तिच्याकडं बघत होती, आणि त्या नजरा सोसणं तिला सोपं गेलं नाही. ती आईजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, मी तुला कुत्र्यात धरलं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी रोज सकाळी आधी सतरा नंबर बघायचे गं. आणि मीच..."

कौसल्येनं झेंडा डाव्या हातात घेतला. उजव्या हातानं लेकीच्या पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, असा सणसणीत धपाटा घातला, की विशाखा दोन पावलं पुढं गेली.

"सेल उतरला हुता," ती म्हणाली. "धर हे. हात सरळ ठेव."

विशाखानं डोळे पुसले आणि झेंडा धरला.